उम्म अल कुवैनचा हेड कोच

मी फुटबॉलचा कोच होतो असं सांगितलं, की शारजातला मराठी माणूस आधी माझ्या पायांकडे बघतो आणि मग पोटाकडे. अमेरिकन फुटबॉलचा, असं मी पुढे जोडतो. मग तो विचारतो, तो हाताने खेळतात तो का? मग त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं? हा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत विचारला गेलाय, बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये विचारला गेलाय आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरने माझ्या तोंडात सगळी अवजारं घालून विचारला. अहो, मला काय विचारता? मी चेंबूरचा. नाव ठेवायच्या मीटिंगला मला कुणी बोलावलं नव्हतं.

मी मुळात कबड्डीचा माणूस. गुडघा गेला तेव्हा खेळणं सुटलं आणि शारजातल्या एका इंडियन स्कूलमध्ये पी.टी. टीचर म्हणून लागलो. पी.टी. टीचर म्हणजे काय, तर ज्याचा तास गणिताच्या बाई केव्हाही मागून घेऊ शकतात असा माणूस. मार्चपास्ट बसवायचा, उन्हात चक्कर आलेल्या पोराला सावलीत न्यायचं, आणि संध्याकाळी हौस म्हणून दहा-पंधरा पोरांना कबड्डी शिकवायची. आखातात जन्मलेली पोरं, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी, पण साखळी करून एकदा कुणाला धरलं की सोडायची नाहीत. मला अभिमान होता त्यांचा, अजूनही आहे.

ही साखळी एक दिवस रँडीने पाहिली. रँडी म्हणजे कोच रँडी, अमेरिकेतून खास आणलेला. तिकडे लहान लहान कॉलेजांच्या टीम आणि बंदिस्त हॉलमध्ये खेळणाऱ्या टीम त्याने वर्षानुवर्षं सांभाळल्या होत्या. ज्या गावात रँडी गेला त्या गावातली टीम थोड्याच काळात बंद पडली, असं त्याच्या बायोडेटावरून कुणालाही दिसलं असतं. आम्ही त्याला दांडगा अनुभव म्हणालो. आमच्या स्पोर्ट्स डेला तो पाहुणा म्हणून आला, सात पोरांनी हातात हात घालून एका दांडग्या पोराला कसं लोळवलं ते बघितलं, आणि ही टॅकलिंग कोण शिकवतो म्हणून विचारत माझ्यापाशी आला. महिन्याभरात मी त्याचा असिस्टंट झालो. पगार सहा हजार दिरहम. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिथल्या तिथे सहासष्ट हजार रुपये असं मोठ्याने म्हटलं आणि विषय संपला.

आता हे सगळं कुणी उभं केलं ते सांगतो. दुबईहून निघालात की शारजा लागतं, मग अजमान, मग रस्त्यावरच्या गाड्या संपतात आणि उम्म अल कुवैन सुरू होतं. तिथे इंडस्ट्रियल एरियाच्या पलीकडे आमचं कॉलेज होतं. नावात अमेरिकन हा शब्द ठसठशीत होता. बाकी अमेरिकन म्हणावं असं तिथे कॅन्टीनमधलं केचपसुद्धा नव्हतं. कॉलेजचे मालक चेअरमनसाहेब. जन्म मुंबईतला, पहिला धंदा नैरोबीत, पैसा दुबईत. मूळचे बिल्डर. तेव्हा दुबईत ज्याच्या हातात पाच विटा होत्या तो टॉवर बांधत होता, तसे हेही बांधत होते. अमेरिकन कॉलेजच्या माहितीपत्रकात हेल्मेट घातलेल्या पोरांचा फोटो पाहिजे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. फोटोसाठी टीम पाहिजे, टीमसाठी कोच पाहिजे, अशा उलट्या क्रमाने आम्ही जन्माला आलो.

खेळ समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. चेंडू सोललेल्या नारळाच्या आकाराचा. तो हातात घेऊन समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलात तर चेंडू त्यांचा. त्यामुळे चौथ्या प्रयत्नात बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब भिरकावतात. ज्याच्यावरून फुटबॉल म्हणतात, तो पाय तेवढ्यापुरता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे पळायचं नाही. आपल्याच टोकाच्या पट्ट्यात चेंडूसकट सापडलात किंवा चेंडू घेऊन मागच्या रेषेबाहेर गेलात, तर समोरच्याला दोन गुण फुकट मिळतात. कबड्डीत उलटं. तिथे समोरच्याच्या अंगणात जायचं, हात लावायचा आणि दम असेपर्यंत घरी यायचं. घरी आला नाहीत तर गेलात कामातून. माझ्या अर्ध्या आयुष्याची शिकवण एका बाजूला आणि हा खेळ दुसऱ्या बाजूला, अशी माझी गत होती.

पहिलं संकट आलं ते कस्टम्समध्ये. हेल्मेटं आणि खांद्यांवर बांधायची कवचं अमेरिकेतून आली आणि कार्गोत अडकली. तिथल्या तरुण ऑफिसरला वाटलं हे पोलिसांचं दंगलीचं सामान आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही ते तसंच वाटलं होतं. रँडी टेक्ससच्या इंग्रजीत ओरडायला लागला. मी त्याला बाहेर बसवलं आणि ऑफिसरला हिंदीत म्हटलं, हबीबी, खेल है. तो म्हणाला, दाखव. मग मी त्या ऑफिसात, फाइलींच्या कपाटासमोर, गुडघ्याची पर्वा न करता चार पायांवर उतरलो. त्याने हौसेने हेल्मेट घातलं आणि मला ढकलायला आला. आता समोरून पाय आला की कबड्डीवाल्याचा हात आपोआप जातो. मी घोटा धरला. साहेब जमिनीवर. क्षणभर मला सगळं दिसलं, तुरुंग, सुनंदा, चेंबूर. पण तो पडल्या पडल्या हसत सुटला, दोन सहकाऱ्यांना बोलावलं, त्यांनाही पाडायला लावलं आणि खलास, खलास म्हणत शिक्का मारला. सामान सुटलं. रँडीने कॉलेजात जाऊन ते स्वतःच्या कर्तबगारीत जमा केलं.

दुसरं प्रकरण बंदिस्त लीगचं. चेअरमनसाहेबांच्या टॉवरची फ्लॅटविक्री दुबईत एका वातानुकूलित मंडपात चालायची. रँडीने त्यांच्या डोक्यात भरवलं की अमेरिकेत हॉलमध्ये छोट्या मैदानावर आठ-आठ जणांची मॅच होते आणि माणसं कुटुंबासकट येतात. झालं. मंडपात हिरवा गालिचा आला, भिंतींना गाद्या बांधल्या, आणि चार टीम उभ्या राहिल्या. चारही चेअरमनसाहेबांच्याच, त्यामुळे त्या लीगमध्ये ते एकदाही हरले नाहीत. टचडाउन झाला, म्हणजे कुणी पट्ट्यात पोचला, की प्रेक्षकांमधून चिठ्ठी काढायची आणि एका भाग्यवानाला न बांधलेल्या टॉवरमधली पार्किंगची जागा भेट द्यायची. आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींना अशा दोन लागल्या. फ्लॅट एकही नव्हता. एका मॅचमध्ये चेंडू भिरभिरत गेला आणि टॉवरच्या काचेच्या मॉडेलवर आदळून वरचे मजले उडाले. सगळे हसले. चेअरमनसाहेबांनीही हसून घेतलं, पण मॉडेल दुरुस्त करायचं काम मात्र पुढे ढकललं गेलं ते ढकललंच गेलं.

कारण तोवर २००८ उजाडलं होतं आणि मावळतही आलं होतं. अमेरिकेत कुठली तरी बँक बुडाली म्हणून दुबईतली क्रेन का थांबते, हे मला आजही नीट समजलेलं नाही. पण थांबल्या. एका आठवड्यात मंडपाची वीज गेली, दुसऱ्या आठवड्यात गालिचा गेला. मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पातून सकाळी भरभरून निघणाऱ्या बसगाड्या अर्ध्या रिकाम्या धावायला लागल्या. पेपरात रोज एकच लिहून येई की सगळं ठीक आहे. त्यावरून आम्ही ओळखलं की काही ठीक नाही.

विमानतळावर गाडी टाकून पळालेल्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. रँडीची गाडी कॉलेजची होती, म्हणून तो बापडा टॅक्सीने गेला. जाताना शिट्टी माझ्या हातात ठेवली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, टीम आता तुझी. अशा रीतीने मी हेड कोच झालो. मुलाखत नाही, अर्ज नाही. सगळ्यांत स्वस्त कोण उरलं, एवढा एकच निकष होता आणि त्यात मी पहिला आलो.

ज्यांनी मला हेड कोचचं पत्र दिलं ते आमचे डीन डॉक्टर पाध्ये. पुण्याचे. ओहायोत दोन वर्षं होते आणि ते दर दोन मिनिटांनी सांगायचे. मराठी बोलताना त्यांची जीभ मध्येच अमेरिकेला जाऊन यायची. "मोहिते, आय नो धिस गेम," असं ते मला म्हणाले, "ओहायोमध्ये आम्ही दर शनिवारी बघायचो." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकाला तरी नियम माहीत आहेत.

टीममध्ये जी अमेरिकन आणि कॅनेडियन पोरं होती ती बापांच्या नोकऱ्यांबरोबर गेली. उरले ते आपले. लेबनीज होते, पाकिस्तानी होते, केरळचे होते, आणि तीन-चार मराठी. मी त्यांना मला येत होतं ते शिकवलं. रँडीच्या वहीतल्या बाणांच्या आकृत्या मला कळत नव्हत्या, म्हणून मी कबड्डी सुरू केली. पायात चपळाई येते, पकड पक्की होते, दम वाढतो. रोज अर्धा तास चढाई आणि पकड. हात लागला की घरी, लाइनकडे, लाइनकडे, असा मी बोंबलत असे. निनाद दातार नावाचा एक पोरगा एकदा घाम पुसत मला म्हणाला, "सर, बट देअर इज नो होम इन फुटबॉल." मी म्हटलं, आधी दम वाढव, मग घराचं बघू.

हा निनाद उंच, काटकुळा, चष्मा. टीममध्ये आला तो जॅकेट मिळतं म्हणून. धावणं बेताचं, धडक शून्य, पण लहानपणापासून शारजाच्या मातीत साधा फुटबॉल खेळलेला, त्यामुळे लाथ सणसणीत. चौथ्या प्रयत्नातली ती लांब लाथ मारायचं काम त्याचं. सिव्हिल इंजिनिअरिंगला होता, शेवटचं वर्ष बाकी. त्याचे वडील दातारसाहेब मोठ्या कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बिल्डिंगला किती सिमेंट आणि किती लोखंड लागेल ते मोजणारे. सदाशिव पेठेतून आले होते, आणि मतंही तिथूनच घेऊन आले होते. मंडळाच्या कार्यक्रमात मला म्हणाले होते की मोहिते, हा खेळ नव्हे, ही बाजारातली ढकलाढकली आहे, फक्त शिरस्त्राण घालून केलेली. एवढं अलंकारिक बोलून ते वांगीभात घ्यायला निघून गेले.

त्या हिवाळ्यात दातारसाहेबांची नोकरी गेली. आखातात नोकरी गेली म्हणजे नुसती नोकरी जात नाही. बापाचा व्हिसा कॅन्सल झाला की त्याच्यावर असलेल्या बायकामुलांचाही होतो आणि महिन्याभरात बाडबिस्तारा गुंडाळावा लागतो. घरातला फ्रिज विकायला काढलाय असा कागद बिल्डिंगखालच्या ग्रोसरीत लागला की कुणाकडे काय झालंय ते सगळ्यांना कळायचं. दातारांचा कागद लागला नाही. ते मानी लोक. दातार वहिनी मात्र एका दुपारी आमच्याकडे आल्या, चहा तसाच निववला, आणि पोराचं एकच वर्ष राहिलंय हो भाऊजी, एवढंच म्हणाल्या. पुण्यात जाऊन मधूनच कुठे ॲडमिशन मिळणार, आणि इथली फी कोण भरणार. सुनंदा माझ्याकडे बघत होती. बायका अशा बघायला लागल्या की माणसाला काहीतरी सुचावंच लागतं.

कॉलेजात खेळाडूंचा कोटा होता. टीममध्ये असलेल्या पोराला फी माफ, हॉस्टेल फुकट, आणि व्हिसा कॉलेजचा. अट एकच, पोरगा टीममध्ये पाहिजे. टीममधून गेला की सगळंच गेलं. रँडीने हा कोटा अमेरिकेतून दांडगे गडी आणण्यासाठी बनवून घेतला होता, त्यात मी हा चष्मेवाला बसवला. पाध्यांनी भुवया उंचावल्या, पण सही केली. माणूस वाईट नव्हता, फक्त आधी वारा कुठून येतोय ते बघायचा. दातार पती-पत्नी पुण्याला गेले. विमानतळावर वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांना कळू देऊ नका हं. निनादने बाबांना सांगितलंय की मेरिटची स्कॉलरशिप मिळाली. खेळावर शिकतोय म्हटलं तर ते त्याला आजच्या आज उचलून नेतील. मी म्हटलं, बरं.

म्हणजे दातारांच्या मुलाचं शिक्षण एका टीमवर टांगलेलं, आणि टीम कशावर टांगलेली ते देवालाच ठाऊक. कारण चेअरमनसाहेब आता खर्च छाटत सुटले होते. आधी बाग गेली, मग लायब्ररीतले ताजे पेपर, मग लिफ्ट. मैदानाला पाणी लागतं, एवढ्या एका कारणावरून आमचा नंबर लागला. मला बोलावून म्हणाले की मोहिते, टीम हमेशा हारती है, रखके क्या करें. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमच्याशी खेळणाऱ्या टीम होत्याच दोन-तीन, आणि त्या वर्षी आम्ही सगळ्यांकडून मार खाल्ला होता. मी हातापाया पडलो म्हणा ना. शेवटी ते म्हणाले, एक मॅच जिंकून दाखव, पुढचं वर्ष टीम ठेवतो. शेवटची मॅच उरली होती ती फुजैराशी.

फुजैराची टीम म्हणजे तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर काम करणारे अमेरिकन. वय उतारावर, पोटं सुटलेली, पण लहानपणापासून हा खेळ रक्तात. त्यांचा कोच बिल नावाचा शांत, टकला माणूस. मॅच शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. प्रेक्षकांत हॉस्टेलची पोरं, सुनंदा, आमची मुलगी श्रेया, आणि फुजैरावाल्यांच्या बायका, ज्या घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या. चेअरमनसाहेब जिंकलात तर जेवायला येतो म्हणाले होते. पाध्ये आले होते आणि ओहायोची टोपी घातली होती.

आणि काय सांगू, आमची पोरं खेळली. फुजैरावाले अंगाने भारी, पण एकाला तीन जणांनी घोट्याला, कमरेला आणि हाताला धरलं की भारी माणूसही बसतो. साखळी चालली. त्यांना पट्ट्यात एकदाच काय ते शिरता आलं. आमच्या लेबनीज पोराने दोनदा पळत जाऊन टचडाउन केले. शेवटची मिनिटं आली तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो.

मग व्हायचं तेच झालं. आमचा चेंडू, पण अगदी आमच्याच पट्ट्याच्या तोंडाशी. तीन प्रयत्न वाया गेले. घड्याळात काही सेकंद उरले. चौथा प्रयत्न, म्हणजे निनादची लाथ. तो आमच्या पट्ट्यात मागे उभा राहिला, चेंडू त्याच्या हातात आला आणि फुजैराचे पाच धिप्पाड बाप्ये एकदम त्याच्यावर सुटले. लाथ मारायची, बस्स. एक लाथ. पोराने समोर पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात काय झालं ते मला इतक्या लांबूनही कळलं, कारण ते मीच रोज अर्धा तास भरलं होतं. माणसं अंगावर आली, आता घरी. तो वळला. चेंडू छातीशी धरून तो मागे पळत सुटला. एक बाप्या चुकवला, दुसऱ्याच्या हातातून पाय सोडवला, कडेने वळसा घातला, सुंदर पायकाम हो, चढाई म्हणून बघितली असती तर मी टाळी वाजवली असती. बाकावरची पोरं ओरडली, सर, ही इज प्लेइंग कबड्डी. शेवटी त्याने अंग झोकून दिलं आणि मागच्या रेषेला हात टेकवला. आणि वर बघून आनंदाने हसला. मग त्याला आठवलं आपण कुठे आहोत ते, आणि त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

फुजैराला दोन गुण. पण त्याची ही पळापळ चालू असतानाच घड्याळ संपलं होतं. चारातून दोन गेले, दोन उरले. आम्ही जिंकलो. आधी कुणाला कळलंच नाही. मग सुनंदा किंचाळली आणि सगळं मैदान आत आलं. बिल माझ्याकडे चालत आला, टोपी काढली आणि म्हणाला, स्मार्ट कोचिंग. त्याने समजावलं तेव्हा मला कळलं की अमेरिकेत मोठमोठे कोच नेमकं हेच मुद्दाम करतात. लाथ अडवली जाऊन सगळंच घालवण्यापेक्षा दोन गुण दान द्यायचे, वेळ खायचा आणि मॅच खिशात घालायची. मी गंभीरपणे मान हलवली. पाध्येही शेजारी उभे होते. येस, येस, क्लासिक, असं तेही म्हणाले. हे लक्षात ठेवा.

दुपारी जेवण. कॅन्टीनमध्ये बिर्याणी आली, चेअरमनसाहेब आले, फोटो झाले. टीम ठेवणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मी पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. मग पाध्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी लॅपटॉप उघडून साहेबांना शेवटचा खेळ दाखवला. चेअरमनसाहेबांनी आयुष्यात एकच फुटबॉल बघितला होता, पायाने खेळतात तो. त्यांनी दोनदा बघितलं. चमचा खाली ठेवला.

"ये गधा कौन है?" ते म्हणाले. "अपनेही गोल में घुस गया?"

निनाद समोरच्या टेबलावर बसला होता, त्याने ताटाकडे मान घातली. मी पाध्यांकडे बघितलं. आता हा माणूस सांगेल, म्हटलं. ओहायो, दर शनिवार, क्लासिक. पाध्ये चष्मा पुसत होते. इतका स्वच्छ चष्मा मी कुणाचा बघितला नाही. मीच समजवायला गेलो, दोन गुण, घड्याळ, चारातून दोन, पण साहेबांनी हात वर केला. टीम रहेगी, ते म्हणाले, इसको निकालो. कल से नहीं चाहिए. मेरे कॉलेज का नाम लगाके उल्टा भागनेवाला लड़का नहीं चलेगा.

मी काही फार विचार केला असं म्हणणार नाही. मोठेपणा वगैरेही नाही. आमच्या खेळात जोडीदार पकडीत सापडला की हात आपोआप जातो, तेवढंच.

"सर, ते माझं सांगणं होतं," मी म्हणालो. "मैंने बोला था उसको, पीछे भाग."

"तुमने?"

"हां. रोज सिखाता हूं."

यात खोटं काही नव्हतं, अर्ध्या कॉलेजने माझं बोंबलणं ऐकलं होतं. चेअरमनसाहेबांनी चमचा पुन्हा उचलला. मग पाध्यांना म्हणाले की बच्चे की गलती नहीं है, इसका हिसाब कर दो. आणि पुन्हा बिर्याणीकडे वळले. पाध्ये त्या वेळी पहिल्यांदा बोलले. "मोहिते, व्हेरी अनफॉर्च्युनेट," म्हणाले, शुद्ध ओहायोत. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, तुम्ही भित्रे आहात. हे मात्र मराठीत म्हटलं, म्हणजे नीट पोचावं. त्याचा मला आजही आनंद आहे.

घरी येताना गाडीत श्रेया मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, यू गॉट फायर्ड फॉर विनिंग?" मी हो म्हटलं. सुनंदाने या वेळी कसलंच रुपयांत रूपांतर केलं नाही. जुन्या शाळेने मला परत घेतलं, प्रायमरीला, आणि मी पुन्हा मार्चपास्टला लागलो. त्या मॅचनंतर कॉलेजच्या टीमला केरळचा एक बास्केटबॉलवाला कोच मिळाला. तोही स्वस्त होता. पुढच्या वर्षी ते सगळ्या मॅच हरले, पण सगळे पुढे पळत हरले, त्यामुळे साहेबांची तक्रार नव्हती. निनादने मला एकदा फोन करून सर, व्हाय डिड यू डू दॅट, असं विचारलं आणि उत्तराच्या आधीच रडायला लागला. मी त्याला म्हटलं, अभ्यास कर आणि चेंडू आला की लाथ मार.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पुण्याहून दातारसाहेबांचा फोन आला. आवाज थोडा उतरला होता, पण मतं ठणठणीत. निनादकडून कळलं, म्हणाले, तुम्ही त्या खेळातून बाहेर पडलात. उत्तम केलंत. मुलांच्या आयुष्याशी खेळ होता तो. आता मी निनादलाही सांगणार आहे की बास झालं, शेवटचं वर्ष आहे. पोरगा मेरिटवर शिकतोय, उद्या त्या धसमुसळेपणात हातपाय मोडला आणि पेपर बुडाला, तर स्कॉलरशिप जायची.

सुनंदा समोर मटार सोलत होती, ती थांबली.

मी म्हटलं, दातारसाहेब, एवढं एक वर्ष राहू द्या. नुसत्या अभ्यासाने डोकी तापतात पोरांची. हॉस्टेलमध्ये एकटा आहे, चार मित्र तरी राहतात. आणि तो फक्त लाथ मारतो, त्याला कुणी हात लावत नाही, मी बघितलंय ना.

"तुमच्या शब्दावर सोडतो, मोहिते," ते म्हणाले. "नाहीतर मला सांगा, या खेळाने आजवर कुणाचं भलं झालंय?"

"कुणाचंच नाही, साहेब," मी म्हणालो.